मोजमापाची साधने आणि ती घडविणारे हात



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. परीक्षेच्या दृष्टीने ते आवश्यकच आहे, आणि इतिहासाचा शिक्षक या नात्याने मीही तेच शिकवीत असतो. परंतु माणसाच्या हातातील अवजारांनाही इतिहास असतो आणि तो राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकाच बोधप्रद असतो. आज मी आपणांपुढे अशाच दोन साध्या वस्तूंचा इतिहास मांडणार आहे.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या टेबलावर आपण एक पेटी पाहिली असेल. तिच्यावर एक बटण असते आणि ते फिरविले की पाहिजे तेवढा विजेचा दाब मिळतो. मिळालेला दाब मग हलत नाही. तिला रेग्युलेटेड पॉवर सप्लाय म्हणतात. आपण तिला ‘स्थिर दाबाची पेटी’ म्हणू. तिच्या शेजारी आणखी एक लहानशी डबी असते. कानाला ऐकू न येणारा क्षीण संदेश ती मोठा करून ऐकविते. हा झाला ॲम्प्लिफायर. या दोन वस्तू ज्याच्याजवळ आहेत त्याची निम्मी प्रयोगशाळा तयार झाली असे समजावे. विशेष म्हणजे या दोन्ही वस्तू घरी किंवा शाळेत, स्वतःच्या हाताने, थोड्या खर्चात बनविता येतात.

गज रबराचा असेल तर?

कापड दुकानदाराचा गज रबराचा असेल तर काय होईल? आज पाच मीटर भरलेले कापड उद्या साडेचार भरेल, आणि चूक कापडात आहे की गजात आहे हे कोणालाच कळणार नाही. विजेच्या उपकरणांचेही असेच आहे. आपल्या घरी येणारा दाब नावापुरता २३० व्होल्ट असतो. शेजारी पाण्याचा पंप सुरू झाला की तो खाली येतो आणि रात्री लोक झोपले की वर चढतो. अशा डगमगत्या दाबावर एखादे मंडल चालविले आणि ते बिघडले, तर दोष मंडलाचा की दाबाचा? म्हणून तपासणीच्या कामात पहिली गरज असते ती न हलणाऱ्या आधाराची.

हा आधार माणसाने कसा मिळविला, तोच आपला विषय आहे.

सुरुवात पाण्यापासून

घराच्या वरच्या टाकीत आपण बॉलकॉक पाहतो. पाणी वर आले की गोळा वर उचलला जातो व तोटी बंद होते. पाणी उतरले की गोळा खाली येतो व तोटी उघडते. कोणी लक्ष ठेवावे लागत नाही. पाण्याची पातळी स्वतःच स्वतःवर लक्ष ठेवते. विजेचा दाब स्थिर ठेवण्याची युक्ती मुळात हीच आहे.

ही युक्ती फार जुनी आहे. ग्रीक काळातील पाणघड्याळांत तरंगत्या झडपा होत्या. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या नावाने ओळखले जाणारे तीन भाऊ होऊन गेले. मुहम्मद, अहमद आणि हसन ही त्यांची नावे. इ. स. ८५० च्या सुमारास त्यांनी ‘किताब अल्-हियल’ हा ग्रंथ रचला आणि त्यात सुमारे शंभर यंत्रांचे वर्णन केले. पाण्याची पातळी आपोआप राखणाऱ्या अनेक रचना त्यांत आहेत. पुढे १२०६ मध्ये दियारबकर येथे अर्तुकी दरबारातील अल्-जझरी यांनी आपला प्रसिद्ध यंत्रग्रंथ पूर्ण केला. त्यांच्या मोठ्या घड्याळात पाणी एकसारख्या वेगाने बाहेर पडावे म्हणून तरंगती झडप बसविलेली होती. अल्-जझरी हे विद्वान होते आणि कारागीरही होते. जे लिहिले ते त्यांनी आधी बनवून पाहिले होते, आणि वाचणाऱ्यालाही बनविता यावे अशा बेताने त्यांनी मापे व आकृत्या दिल्या.

या नावांचा अभिमान आपण सभांमधून पुष्कळ वेळा व्यक्त करतो. परंतु त्यांचा खरा वारसा अभिमानापेक्षा त्यांच्या सवयीत आहे. लिहिण्यापूर्वी करून पाहावे, ही ती सवय.

घटापासून नळीपर्यंत

विजेच्या बाबतीत पहिला सतत प्रवाह १८०० मध्ये इटलीतील व्होल्टा यांच्या चळतीने दिला. पण तिचा दाब थोड्याच वेळात ढासळे, कारण धातूच्या पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे साचत. १८३६ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील प्राध्यापक डॅनियल यांनी दोन द्रावणे वेगळी ठेवून ही अडचण दूर केली. त्यांचा घट पुष्कळ वेळ एकसारखा दाब देई, म्हणून तारायंत्रांच्या कामी तो फार उपयोगी पडला.

१८९३ मध्ये एडवर्ड वेस्टन यांनी कॅडमियम व पारा वापरून एक घट बनविला. २० अंश सेल्सिअसला त्याचा दाब १.०१८३ व्होल्ट असे. १९११ पासून १९९० पर्यंत जगातील प्रयोगशाळांनी व्होल्टचे माप म्हणून हा घट मानला. म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षे काचेची ती लहानशी नळी साऱ्या जगाचा ‘गज’ होती! तिच्यातून प्रवाह मात्र घ्यायचा नसे. फक्त तुलना करायची. हा मुद्दा लक्षात ठेवा. आदर्श वेगळा आणि कष्ट करणारा वेगळा. आदर्शाने स्थिर राहावे आणि कष्ट करणाऱ्याने त्याच्याकडे पाहून आपले काम नीट करावे. स्थिर दाबाच्या प्रत्येक पेटीत आजही हीच वाटणी असते.

नावेतील विचार

आता ॲम्प्लिफायरकडे वळू. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तीन टोकांचा व्हॉल्व्ह बनविला. त्याच्या साहाय्याने क्षीण संदेश मोठा करता येऊ लागला आणि १९१५ मध्ये न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को ही शहरे टेलिफोनने जोडली गेली. पण व्हॉल्व्ह हे अस्थिर जनावर होते. ते जुने झाले, तापले किंवा दाब बदलला की वाढविण्याचे प्रमाण बदले आणि आवाज फाटे. एकामागून एक असे अनेक ॲम्प्लिफायर लावले की प्रत्येकाचा दोष पुढे साचत जाई.

हॅरॉल्ड ब्लॅक नावाचा तरुण इंजिनिअर कित्येक वर्षे या दोषाच्या मागे लागला होता. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी तो नेहमीप्रमाणे नावेतून हडसन नदी ओलांडून कामावर जात होता. तेवढ्यात त्याला उपाय सुचला. जवळ कागद नव्हता, म्हणून त्याने हातातील वर्तमानपत्राच्या पानावरच आकृती व समीकरणे मांडली. उपाय असा : बाहेर पडलेल्या संदेशाचा थोडा भाग परत आत आणावा आणि तो मूळ संदेशातून वजा करावा. म्हणजे बाहेर जे चुकले असेल ते आत समजेल व सुधारले जाईल. याला ऋण प्रतिभरण किंवा निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात.

उदाहरण घेऊ. एखादा ॲम्प्लिफायर संदेश १,००,००० पट करतो. बाहेरच्या संदेशाचा शंभरावा भाग आपण परत आणून वजा केला, तर एकूण वाढ फक्त ९९.९ पट राहते. हा तर मोठा तोटा! पण आता तो व्हॉल्व्ह अर्धा थकला आणि मूळ वाढ ५०,००० वर आली असे समजा. एकूण वाढ किती होईल? ९९.८ पट. आतील शक्ती निम्मी झाली, तरी बाहेर जेमतेम हजारात एकाचा फरक पडला! ब्लॅकने मोठेपणा सोडला आणि खात्री मिळविली. ही कल्पना त्या काळच्या लोकांना इतकी विचित्र वाटली की १९२८ मध्ये मागितलेले पेटंट त्याला १९३७ च्या डिसेंबरात मिळाले.

गणित पुस्तकातले होते, अडचण कामाच्या टेबलावरची होती. दोन्ही एकाच डोक्यात होती म्हणून उत्तर सापडले.

गॅरेजमधील दोन मित्र

विल्यम ह्युलेट आणि डेव्हिड पॅकार्ड हे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे दोन विद्यार्थी. प्राध्यापक टर्मन यांनी त्यांना उत्तेजन दिले. १९३९ च्या आरंभी त्यांनी पालो अल्टो गावातील एका घराच्या मोटार ठेवण्याच्या खोलीत ५३८ डॉलर भांडवलावर भागीदारी सुरू केली. त्यांचे पहिले उपकरण म्हणजे ध्वनीच्या चाचणीसाठी शुद्ध स्वर निर्माण करणारा ऑसिलेटर. ह्युलेटच्या अभ्यासातून तो निघाला होता. स्वराची पातळी स्थिर राहावी म्हणून त्याने मंडलात चक्क एक लहान दिवा बसविला. स्वर वाढला की दिव्याची तार तापते, तिचा रोध वाढतो आणि स्वर आपोआप आवरतो. पुन्हा तोच बॉलकॉक! त्या काळी असे उपकरण शेकडो डॉलरना मिळे. ह्युलेट-पॅकार्ड यांनी त्याची किंमत ५४.४० डॉलर ठेवली. वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेने ‘फँटेशिया’ या १९४० च्या चित्रपटासाठी त्यांच्याकडून सुधारित नमुन्याचे आठ ऑसिलेटर घेतले.

दुसरे महायुद्ध संपल्यावर सैन्याचे शिल्लक सामान बाजारात स्वस्त विकले गेले. १९४७ मध्ये हीथकिट या अमेरिकन कंपनीने अशा सामानातून ऑसिलोस्कोप घरी जोडण्याचा संच सुमारे ५० डॉलरना विकण्यास काढला. जे उपकरण मोठ्या प्रयोगशाळेतच दिसे, ते शेकडो हौशी मंडळींनी व विद्यार्थ्यांनी स्वतःच्या घरी जोडले. जोडता जोडता ते त्याचे आतडे न् आतडे ओळखू लागले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात ट्रान्झिस्टरचा जन्म झाला आणि व्हॉल्व्हचे युग उतरणीला लागले. क्लॅरेन्स झेनर यांनी १९३४ मध्ये अभ्यासलेल्या परिणामाचे नाव ज्याला मिळाले, तो झेनर डायोड आता आदर्श दाबाचे काम करू लागला. १९६८ मध्ये ७४१ ही ॲम्प्लिफायरची चकती आली. १९७६ मध्ये नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीची एलएम ३१७ ही तीन पायांची चकती आली. बनू मूसांची झडप, वेस्टनचा घट आणि ब्लॅकचे प्रतिभरण हे तिन्ही विचार नखाएवढ्या तुकड्यात एकत्र आले.

आपल्या देशात

हे सारे परदेशातले, असे कोणी म्हणेल. म्हणून जगदीशचंद्र बोस यांचे स्मरण करू. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांना नीटशी प्रयोगशाळाही नव्हती. एका अपुऱ्या खोलीत, स्थानिक कारागिराकडून पत्र्याची व धातूची कामे करवून घेऊन त्यांनी आपली उपकरणे घडविली. १८९५ मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये भिंतींपलीकडे विद्युत्लहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली. गॅलिना स्फटिकाचा त्यांचा शोधक १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट झाला.

आपल्या मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे उदाहरण तर अधिक जवळचे. तेथील तरुण मंडळींनी परदेशातून तयार संगणक न आणता स्वतः बनविण्याचे ठरविले. १९५६ मध्ये लहान नमुना चालू झाला आणि १९६० मध्ये सुमारे २,७०० व्हॉल्व्हचा पूर्ण संगणक कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. तो यंत्र म्हणून लवकरच मागे पडला. तो बनविता बनविता जी माणसे तयार झाली, ती मात्र मागे पडली नाहीत.

पेटी आतून कशी असते?

आता प्रत्यक्ष पेटी उघडू. पहिला भाग ट्रान्स्फॉर्मर. तो २३० व्होल्टचे १५ व्होल्ट करतो. दुसरा भाग चार डायोडचा पूल. दोन्ही बाजूंना धावणारी वीज तो एकाच दिशेने वळवितो. तिसरा भाग २,२०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, निदान ३५ व्होल्ट सहन करणारा. सेकंदाला शंभर लाटा येतात. लाट आली की तो भरतो आणि दोन लाटांच्या मधल्या काळात वीज पुरवितो. येथे सुमारे २० व्होल्ट मिळतात. पण अर्धा अँपिअर प्रवाह घेतला की त्यात दोन व्होल्टच्या आसपास चढउतार राहतोच. कानाने ऐकल्यास ही घरघर स्पष्ट कळते.

चौथा भाग एलएम ३१७. तिचा नियम एकच : बाहेरचा पाय आणि जुळवणीचा पाय यांच्यामध्ये ती नेहमी १.२५ व्होल्ट राखते. या दोन पायांमध्ये २४० ओहमचा रोध लावला आणि जुळवणीचा पाय व जमीन यांच्यामध्ये २,२०० ओहमचा फिरता रोध लावला, की झाले काम. फिरता रोध १,६८० ओहमवर ठेवला तर तो २४० च्या सात पट झाला. म्हणून बाहेर मिळतील १.२५ गुणिले ८, म्हणजे १० व्होल्ट. सातवी-आठवीचा विद्यार्थीही हे गणित तोंडी करील. पुस्तकातील गुणोत्तर आणि प्रमाण येथे हाताला लागते.

उरलेला दाब कोठे जातो? उष्णतेत. २० व्होल्ट आत, ५ व्होल्ट बाहेर आणि प्रवाह अर्धा अँपिअर असेल, तर १५ गुणिले अर्धा, म्हणजे साडेसात वॅट उष्णता त्या चकतीत निर्माण होते. म्हणून तिला ॲल्युमिनियमची जाड पट्टी बसवावी लागते. ती विसरली तर चकती तापून स्वतःच काम थांबविते.

ॲम्प्लिफायरसाठी एलएम ३८६ ही आठ पायांची चकती पुरते. ती संदेश २० पट वाढविते. पहिल्या आणि आठव्या पायांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला की २०० पट. पेटीवर ९ व्होल्ट ठेवून तिला ते द्यावेत. १२ च्या वर जाऊ नये. आत येणाऱ्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, मग आवाज कमीजास्त करण्याचा रोध आणि शेवटी ८ ओहमचा लहान स्पीकर. ही तार एखाद्या बिघडलेल्या ट्रान्झिस्टर रेडिओत आवाजाच्या टप्प्याटप्प्याला टेकवीत जावे. जेथपर्यंत आवाज येतो तेथपर्यंत रेडिओ ठीक. जेथे आवाज नाहीसा होतो तेथे दोष. आधी शोधायचे आणि मग सोल्डरची गन हाती घ्यायची. अंदाजाने सुटे भाग बदलीत बसायचे नाही.

सावधगिरी

एक गोष्ट बजावून सांगतो. २३० व्होल्टच्या भागाला विद्यार्थ्यांनी एकट्याने हात लावू नये. तो भाग जाणत्या माणसाकडून फ्यूज व अर्थिंगसह बंद पेटीत करवून घ्यावा, किंवा बाजारातील तयार १५ व्होल्टचा अडॅप्टर घेऊन पुढचा भाग स्वतः बनवावा. वीज बंद केल्यावरही कंडेन्सर काही वेळ भरलेला असतो. ॲम्प्लिफायरची तार बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंनाच लावावी. घरच्या विजेवर चालणाऱ्या टीव्हीत किंवा जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत ती कधीही घालू नये.

पालकांना दोन शब्द

पालकहो, आपल्या मोहल्ल्यात दोन प्रकारची मुले दिसतात. एक मुलगा आठवी-नववीत शाळा सोडून दुरुस्तीच्या दुकानात बसतो. त्याच्या हातात हुनर असते. कोणता भाग बदलावा हे त्याला कळते, पण तो का बदलावा हे त्याला कोणी सांगितलेले नसते. नवी वस्तू आली की त्याचे ज्ञान जुने होते. दुसरा मुलगा परीक्षेत चांगले गुण मिळवितो, ओहमचा नियम घडाघडा म्हणतो, पण त्याने साधी तार कधी सोलून पाहिलेली नसते. एकाजवळ हात आहे, दुसऱ्याजवळ पुस्तक आहे. दोघेही अर्धेच राहतात, आणि नुकसान आपल्या समाजाचे होते.

वर ज्यांची नावे घेतली त्यांनी हात आणि पुस्तक वेगळे होऊ दिले नाही. म्हणून माझी विनंती अशी. मुलगा दुकानात जात असेल तर जाऊ द्या, पण शाळा सोडवू नका. मुलगा किंवा मुलगी अभ्यासात हुशार असेल तर तिच्या हातात सोल्डरची गनही द्या. होय, मुलीच्याही. हे बारीक व नीटनेटके काम आहे, आणि शिवणकाम करणारा हात ते सहज शिकतो. आपल्या शाळेच्या विज्ञान खोलीत एक टेबल, एक स्थिर दाबाची पेटी, एक ॲम्प्लिफायर आणि मोहल्ल्यातील एखादा अनुभवी कारागीर आठवड्यातून एक तास मिळाला, तरी पुष्कळ होईल. त्या कारागिराला आपण ‘उस्ताद’ म्हणतोच. त्याला शाळेतही उस्तादाचा मान द्यावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एकच सांगणे. ती पेटी प्रत्येक क्षणी दोन गोष्टी करते : आपण काय देत आहोत ते पाहते आणि काय द्यायला हवे होते त्याच्याशी ताडून पाहते. फरक दिसला की लगेच सुधारते. म्हणूनच दुसऱ्या सर्व उपकरणांची परीक्षा तिच्या भरवशावर घेता येते. अभ्यासातही असेच करावे. उत्तर लिहिले की स्वतः तपासावे, आदर्शाशी ताडून पाहावे आणि चूक आपणच दुरुस्त करावी. ज्याला ही सवय लागली, त्याला पुढे कोणत्याही परीक्षेची भीती राहणार नाही.